साहेबांच्या दारातला गाडा

साहेब मराठी बोलायला लागले की मामलेदारांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यात मामलेदारांचाही काही दोष नव्हता. अंगात लोकरी सूट, गळ्यात टाय, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि असा माणूस पुण्याकडून बदलून आलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या मामलेदाराला भर कचेरीत विचारणार, "का वो मामलेदार, सकाळधरनं त्वांड पाडून बसलाईसा? घरात भांडून आलाईसा व्हय?" मामलेदार इकडेतिकडे बघायचे, घसा खाकरायचे आणि इंग्रजीत उत्तर द्यायचे. साहेबांना वाटायचं, ह्या माणसाला मराठी नीट येत नसावं.

ह्याचं कारण असं. साहेब धारवाडकडचे, घरची भाषा कन्नड. डॉक्टरी शिकायला स्कॉटलंडला गेले आणि तिथं एका बाईच्या घरी भाड्यानं खोली घेतली. वरच्या मजल्यावर कोल्हापूरकडच्या एका इनामदाराचा मुलगा राहायचा, वकिली शिकायला आलेला. अभ्यास बेताचा, जोर-बैठका भरपूर. त्या थंडीत दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. ह्यांना मराठी येत नव्हतं, त्याला कन्नड येत नव्हतं, आणि दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखायचा म्हणे. मग साहेबांनी त्याच्याकडून मराठी उचललं, शिव्यांसकट. मराठी म्हणजे हेच आणि एवढंच, अशी त्यांची समजूत झाली ती कायमची. परत आल्यावर सरकारनं विचारलं, मराठी येतं का? हे म्हणाले, येतं की. झालं, आरोग्य खात्याचे साहेब म्हणून त्यांना आमच्या बेळगाव जिल्ह्यात धाडलं आणि मुक्काम निपाणीला दिला. मला विचाराल तर सरकारच्या हातून चुकून झालेलं ते एक चांगलं काम.

मी त्यांच्या हाताखाली देवी टोचणारा होतो. मूळचा शहापूरचा, घरात हातमाग. मागावर बसून माझी कंबर धरायची म्हणून ही नोकरी धरली आणि पायांचे तुकडे पडले. गावात मी शिरलो की बाया पोरं काखेत मारून जोंधळ्यात पळायच्या. साहेब बरोबर असले की मात्र पळायच्या नाहीत. साहेब काय बोलतात ते ऐकायला उलट जमायच्या.

गावात गेल्यावर साहेब चावडीवर जात नसत. पाटील हार घेऊन उभा, तराळ वाजंत्री घेऊन उभा, आणि साहेब घोडा माझ्याकडे देऊन थेट विहिरीवर. काठावर पालथे पडून आत डोकावायचे, पोहऱ्यानं पाणी काढायचे, ओंजळीत घेऊन हुंगायचे. पाटील धापा टाकत मागून यायचा. "सायेब, चहा तरी..." तर हे म्हणायचे, "पाटलाचं त्वांड मागनं बघू. आधी व्हिरीचं बघू द्या." असा अपमान झालेला एकही पाटील रागावलेला मी पाहिला नाही. गावच्या म्होरक्याला असं तोंडावर बोलणारा साहेब त्यांनी कधी बघितलाच नव्हता, त्यामुळे त्यांना गंमतच वाटायची.

पाण्याचं त्यांना वेडच होतं म्हणा ना. उकळल्याशिवाय थेंब तोंडात घ्यायचे नाहीत. कुठेही गेले तरी घोड्याच्या खोगिराला किटली लोंबकळायची. एकदा बोरगावला एका लग्नात आम्ही जेवायला बसलो. नवऱ्या मुलीचा बाप तूप वाढायला आला, तर हे त्याचा हात धरून विचारतात, "पाणी उकळलंईसा न्हवं?" सगळी पंगत हसली. दुसरा कोणी असता तर बाप चिडला असता. पण हे त्याच पंगतीत मांडी घालून, बुक्कीनं कांदा फोडून भाकरी चुरत होते, त्यामुळे कोणी चिडेना. तीही त्या कोल्हापूरच्या गड्याचीच शिकवण. आंबा मात्र सुरी-चमच्यानं खायचे. साल काढून, फोडी करून, बशीत. आंबा चोखायचं त्या गड्यानं शिकवलं नव्हतं, कारण तिथं आंबाच नव्हता!

देवाच्या बाबतीत त्यांची वेगळीच तऱ्हा. देऊळ दिसलं की बूट काढायचे, हॅट काढायचे, दाराबाहेर उभे राहायचे, आणि आत पाऊल टाकायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "एवढं करताय तर आत का येत नाही?"

"आत आलं की हात जोडावं लागत्यात," साहेब म्हणाले. "मला तसं वाटत न्हाय तर का जोडू? खोटं कशाला? आन भाईर बूट काढून हुबारलं की लोकांचा मान ऱ्हातो. तेवढं खरं हाय."

बाईसाहेबांचं नेमकं उलट. त्याही धारवाडकडच्याच, ठेंगण्या, इरकल नेसणाऱ्या, बोलणं थोडं आणि हळू. सकाळी त्यांची पूजा तासभर चालायची. साहेबांनी एकदा सांगितलं, तीर्थाचं पाणीसुद्धा उकळून घे. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण बाईसाहेब म्हणाल्या, "देवाला गरम चालत नाही. रात्री उकळून ठेवीन, सकाळपर्यंत निवेल." आणि ठेवू लागल्या. नवऱ्याचं ऐकलं, देवाचंही राखलं. ही बाई भांडण न करता आपलंच करते, हे मला तेव्हाच कळलं.

त्यांचं एक मूल पाळण्यातच तापानं गेलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. मी सांगतो त्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा दिवस गेले होते आणि चांगले भरत आले होते. साहेब त्या दिवसांत घरात दबक्या पावलांनी चालायचे. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण दार लावतानासुद्धा कडी वाजू द्यायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात पटकी आली.

निपाणीपासून थोड्या अंतरावर एका ओढ्याच्या दोन बाजूंना दोन गावं. नावं सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात. एक ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. वरच्या गावात मराठी बोलणारे जास्त, खालच्यात कन्नड. पण सोयरीक, बाजार आणि भांडणं एकमेकांतच. वरच्या गावात पटकी घुसली आणि माणसं जुलाब-उलट्यांनी भराभर जायला लागली. भीतीपोटी त्यांनी आम्हांला विहिरीत लाल औषध टाकू दिलं. खालच्या गावात अजून कोणाला काही झालं नव्हतं.

"हे गाव अजून हातात हाय रं," साहेब मला सारखं म्हणायचे. "त्यांच्या व्हिरीत आज औषध पडलं तर सगळी वाचतील. न्हाय पडलं तर थोड्याच दिसांत हितनंबी तिरड्या निघतील. लहान पोरं आधी जात्यात."

पण खालचं गाव ऐकेना. त्यांचं म्हणणं, आमच्यात रोग न्हाय तर रोगाचं औषध कशाला? औषध आलं की त्याच्या मागनं रोग येणार. शिवाय ते औषध टाकलं की पाणी लालभडक व्हायचं, ते बघून बायका डोळे झाकायच्या. साहेबांनी कन्नडमध्ये सांगितलं, मराठीत सांगितलं, स्वतः ते पाणी पिऊन दाखवलं. पाटील विहिरीवर खाट टाकून बसला तो बसला.

त्यात गाडा आला.

आमच्याकडे गावात पटकी आली की मरगाईचा गाडा काढतात. लहानसा लाकडी गाडा, त्यात कडुलिंबाच्या डहाळ्यांत देवी बसवलेली, पुढं हिरव्या बांगड्या, दहीभाताचा निवद. माणसं दोरानं तो ओढत शिवेपलीकडं नेतात, तिथं सोडतात आणि मागं वळून न बघता घरी येतात. देवी गेली, रोग गेला. आता पलीकडच्या गावानं काय करायचं? त्यानं तो पुढच्या शिवेवर न्यायचा. वरच्या गावानं गाडा ओढ्यापलीकडं सोडला. सकाळी खालच्या गावानं बघितला आणि माघारी लोटला. वरचे म्हणाले, बाहेर काढलेली देवी माघारी घेतली तर गाव उरत नाही. खालचे म्हणाले, आमच्यात कशाला? शेवटी गाडा ओढ्यातल्या वाळूत रुतून उभा आणि दोन्ही काठांवर काठ्या-कुऱ्हाडी घेऊन माणसं. उन्हातान्हात पहारा. तहान लागली की दोन्हीकडचे तिथंच वाळूत झरा उकरून पाणी पीत होते.

साहेबांनी ते बघितलं. "आरं मरशीला रं, मरशीला!" म्हणून ओरडत घोड्यावरून उतरले. कोणी हललं नाही. मग त्यांनी तिथंच तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि किटली ठेवली. पाणी उकळायचे, निववायचे, एकदा ह्या काठाला द्यायचे, एकदा त्या काठाला. मीही तेच करत होतो आणि मनात म्हणत होतो, कपाळ माझं, सरकारनं ह्याचसाठी ठेवलंय काय मला!

दुपारी साहेबांनी खालच्या पाटलाला, वरच्यांनाही कळावं म्हणून मराठीत, विचारलं, "गाडा हितनं गेला, तुमच्या शिवेत न्हाय आला, तर व्हीर देशीला?"

पाटील म्हणाला, "गाडा गेला तर व्हीर तुमची. पर जाणार कुठं? ह्यास्नी नको, आमास्नी नको."

"ही शीव ह्यांची. ती तुमची. आन सरकारची शीव कुठंशी हाय?"

"सरकारला कुठली शीव वो? समदंच सरकारचं."

"मग झालं की," साहेब म्हणाले. "देवीला सरकार घेतं. माझ्या बंगल्यात नेतो."

दोन्ही काठ गार पडले. साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बूट काढले, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोर खांद्यावर घेतला. मी मागून ढकलू लागलो. गाडा हलला. वरच्या गावची म्हातारी पुजारीण मोठ्यानं देवीचं नाव घेत पुढं झाली. साहेब वाटेत कुठं टाकून देतात की काय, ही शंका दोन्ही गावांना, म्हणून दोन्ही गावं मागं. अशी ती वरात निपाणीत आली. तंबाखूच्या वखारींतली माणसं हातातलं काम टाकून रस्त्यावर आली. साहेबांना तंबाखूच्या वासानं शिंका यायच्या. दोर खांद्यावर, नाक लाल, आणि शिंकेगणिक "आयला!"

बंगल्याच्या फाटकात गाडा थांबवून साहेबांनी घाम पुसला. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू मोठी परीक्षा पास झाले.

तेव्हा ती पुजारीण म्हणाली, "सायेब, गाडा आला, देवी अजून आली न्हाय. घरच्या बाईनं पायांवर पाणी घालून वटी भरायला पायजे. न्हाय भरली तर ती आली त्या वाटंनं माघारी जाती."

साहेबांच्या तोंडचा रंगच उतरला. सगळ्या गोष्टींचा विचार केला होता. शिवेचा केला, पाटलाचा केला, विहिरीचा केला. घरातल्या बाईला विचारायचं राहिलं! आणि तीही कोणत्या अवस्थेत? आमच्याकडे गरोदर बाई असल्या देवीसमोर नुसती उभीसुद्धा राहत नाही, आणि इथं तर पटकीची देवी ओटी मागत दारात उभी. मला साहेबांचा असा राग आला, की दोर घेऊन त्यांनाच बांधावं.

बाईसाहेब ओसरीवर आल्या होत्या. साहेब पायऱ्या चढून गेले. ते कन्नडमध्ये बोलत होते. मी पायरीपाशीच होतो, मला सगळं कळत होतं.

"तू आत जा," साहेब म्हणाले. "मी ह्यांना काहीतरी सांगतो. नुसतं लाकूड आहे ते, पण तुझ्या मनाला..."

"तुम्हांला लाकूड आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "मला नाही. तुम्ही लाकूड ओढून आणलंत. मी घेतली तर देवी घेईन. दोन्ही एकच नाही, एवढं ध्यानात ठेवा."

बाईसाहेबांनी फाटकातल्या गाड्याकडे बघितलं.

"मी आत गेले तर विहीर मिळेल?"

साहेबांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "नाही," म्हणाले.

बाईसाहेब आत गेल्या. सगळ्यांना वाटलं, संपलं. खालच्या पाटलानं काठी उचलली आणि आपल्या माणसांना "चला रं" म्हणाला. साहेब ओसरीवर तसेच उभे. एवढ्यात बाईसाहेब बाहेर आल्या. कपाळाला मळवट, हातात ताट, त्यात नारळ, खण, तांदूळ, बांगड्या. एक हात पोटाखाली धरून पायऱ्या उतरल्या. गाड्यासमोर वाकणं त्यांना जमेना, तर पुजारणीनं कमरेला हात दिला. पाणी घातलं, ओटी भरली. तांदूळ निम्मे मातीत सांडले. मग त्यांनी पदर पसरला. काय मागितलं ते त्यांना ठाऊक. साहेब मान फिरवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पाहिलं, म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी खालच्या पाटलानं विहिरीवरची खाट स्वतः उचलली. आम्ही औषध टाकलं. पाणी लाल झालं, कोणी ओरडलं नाही. खालच्या गावात त्या साली पटकी गेली नाही. वरच्या गावातलीही हळूहळू आटोक्यात आली. मग आजूबाजूची गावं स्वतःहून माणसं धाडायला लागली, आमच्या विहिरी बघा म्हणून. ज्याच्या दारात देवी राहते त्याच्या औषधाला काय भ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. गोरे कलेक्टर एकदा बंगल्यावर आले, लिंबाखाली गाडा बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. साहेबांनी इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं. कलेक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि जाताना गाड्याला लांबून वळसा घालून गेले.

पाऊस सुरू झाल्यावर बाईसाहेब बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो रडलाच नाही. साहेब स्वतः डॉक्टर, मिशनच्या दवाखान्यातल्या मडमही आलेल्या, काही उपयोग झाला नाही. नाळेचा वेढा बसला होता. रिपोर्टात लिहितात तसं साहेबांनी मला ते सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिले. देवीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. मला हे कळत होतं, आणि तरी मला त्या गाड्याकडे बघवत नव्हतं.

बातमी गावांत पोचली. थोड्या दिवसांनी दोन्ही गावं एकदम आली. ह्या वेळी हातांत काठ्या नव्हत्या, दोर होते.

पुजारीण म्हणाली, "सायेब, आमची लेकरं ऱ्हायली, तुमचं गेलं. गाडा द्या आमचा. माघारी नेतो. आमचं काय व्हायचं ते हुंदे."

खालचा पाटील पुढं आला. "तुमच्यात आधीच माणसं गेल्यात, तुम्ही का न्हेतासा? आमी वाचलो, आमच्यात ऱ्हाऊ दे तिला."

"आमची देवी हाय!"

"व्हीर आमची दिलीया!"

आणि काय सांगू, शिवेवर गाडा नको म्हणून डोकी फोडायला उठलेली ती माणसं आता आमच्यात द्या म्हणून भांडायला लागली.

साहेब मध्ये पडले. "आरं बाबांनो, देवीनं न्हाय न्हेलं माझं पोरगं. नाळ आडकलीती गळ्यात. कुठंबी, कुणाच्याबी घरात व्हतं तसं. देवीचा काय संबंध..." लोक माना हलवत होते, दुःखात असलेल्या माणसासमोर हलवतात तशा. एकाचाही विश्वास बसला नव्हता.

तेव्हा दाराशी बाईसाहेब दिसल्या. डोक्याला बाळंतिणीचा फडका, एक हात चौकटीला. बोलल्या कन्नडमध्येच, पण इतक्या सावकाश, की वरच्या गावालाही शब्द न् शब्द कळला.

"गाडा नेलात तर पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत औषध घालू द्याल?"

दोन्ही पाटील एकमेकांकडे बघायला लागले. तेच उत्तर होतं.

"मग राहू दे तिला. मी पाय धुऊन घेतलीय. माझं नेलं म्हणून दारातनं घालवू? तुमच्या घरात पाळणे हलतायत अजून." एवढं बोलून त्या आत गेल्या.

पुजारीण पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. बाकीच्यांनी दोर गुंडाळले. जाताना दोन्ही पाटलांनी साहेबांना नमस्कार केला नाही, त्या रिकाम्या दाराला केला.

साहेबांच्या नोकरीच्या शेवटी कचेरीत निरोपाचा समारंभ झाला. भाषणं झाली. साहेबांनी ह्या भागातून पटकी हटवली, विलायतेची विद्या खेड्यापर्यंत आणली, वगैरे. साहेब हार घालून बसले होते. घरी जाताना ते म्हणाले, "समदं खोटं बोलली लोकं." मी म्हटलं, "काय खोटं बोलले? तुम्हीच हटवली की."

साहेब रस्त्यातच थांबले.

"मी नुस्तं औषध टाकलं रं," ते म्हणाले. "व्हिरी तिनं दिल्या. आन मी तिला त्या दिशी लाकूड हाय म्हणून सांगत व्हतो."